नवेगावबांध: आधी ऊन बघा, मग बदकं

नवेगावबांधच्या पाळीवर उभं राहून दुर्बीण लावली की पुष्कळांना नुसते काळे ठिपके दिसतात. दोष दुर्बिणीचा नसतो, उन्हाचा असतो. कोहळी समाजातल्या पूर्वजांनी डोंगरांच्या मधलं पाणी अडवून केलेला गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव एवढा पसरलेला आहे, की सूर्य समोर असेल तर रंग कळतच नाहीत. म्हणून सकाळी पूर्वेचा काठ धरायचा, दुपारनंतर पश्चिमेचा.

पहिला तासभर जंगलाच्या कडेला द्यावा. टकाचोर, धनेश, स्वर्गीय नर्तक तेव्हाच दिसतात. बदकं कुठं पळून जात नाहीत. पण फार उशीरही नको. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण) ६० पटीवर नेला तर चित्र आणखीच विस्कटतं. अशा वेळी २५ ते ३० पटीवर यावं. हातात धरायला ८×४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पुरते. १०×४२ घेतली तर हाताची थरथरही तेवढीच वाढते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या नर बदकांची पिसं अजून पूर्ण रंगलेली नसतात, सगळी मातकट दिसतात. तेव्हा रंगाचा नाद सोडून आकार बघा. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार. लालसरी बुडी मारते, पाण्यात खोल बसते आणि उडताना पाण्यावरून धावत जाते. चक्रांग जागेवरूनच सरळ वर उठतो. मान मागेपुढे हलवत पोहणारा, पांढऱ्या चोचीचा काळा पक्षी म्हणजे वारकरी. तो बदक नाही, तरी नवख्यांच्या यादीत बदकांची संख्या बहुतेक वेळा तोच फुगवतो.

चिखलपक्षी हवे असतील तर घाई करू नये. पावसाळ्यानंतर पाणी झाडोऱ्यापर्यंत भिडलेलं असतं, चिखल उघडाच नसतो. पाणी ओसरून कड मोकळी झाली की तुतवार येतात. सारसासाठी मात्र या मोठ्या पाण्यापेक्षा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या बऱ्या.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचं आणि त्याच मापाने पुढं सरकायचं. मत्स्यगरुड वरून गेला की सगळा थवा उठतो, मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पट्टकदंब या हंसाच्या मानेत अभ्यासकांनी घातलेला रंगीत पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं-आकडे जागीच लिहून घ्या. मंगोलियात पट्टे घातलेले हंस भारतात सापडले आहेत.