प्लेट चढवण्याआधी भिंगाखाली

आमच्या जळगावच्या छापखान्यात केळीच्या खोक्यांवरची लेबले छपाईला आली की, प्लेट (प्रत्येक रंगाचा छपाईचा पत्रा) मशीनवर चढवण्यापूर्वी मी प्रत्येक रंगाचा ठिपका भिंगाखाली पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. सायन (आकाशी निळा) १५, मॅजेंटा (गडद गुलाबी) ७५, काळा ४५ आणि पिवळा ० अंशांवर आहे ना, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी ठरलेल्या कोनात आहेत ना, हे आधी तपासतो. तीन ठळक रंगांत ३० अंशांचे अंतर राहिले तर ठिपक्यांची बारीक फुले जुळतात. कोन चुकला तर केळीच्या सालीवर लाटांसारखी नक्षी उमटते. पिवळा फिका असल्यामुळे त्याचे १५ अंशांचे अंतर खपून जाते.

खरी काळजी ट्रॅपिंगची असते, म्हणजे शेजारचे दोन रंग कडेला एकमेकांवर थोडे चढवण्याची. मागच्या वैशाखात गडद निळ्या पार्श्वभूमीवरील पिवळ्या अक्षरांच्या एका कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसू लागली. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात कागदातील ओलावा उडून तो आक्रसतो, मशीनवर पाणी लागले की पुन्हा ताणतो आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची नेमकी जुळणी, हलते. फाइलमध्ये पिवळा रंग पाव पॉइंट (जेमतेम केसाएवढा) निळ्याखाली सरकवलेला असता, तर तो सगळा कागद वाया गेला नसता. पसरवायचा तो फिका रंग, कारण आकार डोळ्याला गडद कडेवरून कळतो. केळीशेजारच्या हिरव्या पानाला मात्र ट्रॅप लागत नाही. हिरव्यात पिवळा असतोच, त्यामुळे मध्ये पांढरी फट दिसत नाही. बारीक काळी अक्षरे ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापलेली, ठेवलेली बरी.

आता गिऱ्हाईक दारात उभे असले, तरी प्रत्येक कड पडद्यावर ४०० टक्के मोठी करून मी स्वतः पाहतो.