दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या गाडीला मागून एकाने ठोकलं, मान चांगलीच दुखावली, आणि ती बिचारी इन्शुरन्सवाल्यांच्या भरवशावर बसली, ते म्हणायचे अजून एक रिपोर्ट पाठवा, अजून एक बिल पाठवा, असं करता करता पावणेदोन वर्षं गेली. मला हे कळलं तेव्हा पोटात गोळाच आला. कारण तिथे शारीरिक दुखापतीचा दावा कोर्टात लावायला २ वर्षंच मिळतात आणि इन्शुरन्सशी नुसती बोलणी चालू आहेत म्हणून मुदत काही थांबत नाही!

गाडीच्या नुकसानीला ३ वर्षं असतात, लेखी कराराला ४, तोंडी ठरलेल्या व्यवहाराला २, बदनामीला फक्त १.

पण सगळ्यात जास्त घात होतो तो सरकारी गाडीने ठोकलं तर. तिथे आधी त्या खात्याकडेच लेखी क्लेम द्यावा लागतो, तोही ६ महिन्यांत, आणि त्यांनी रीतसर पत्राने नकार दिला की त्या पत्रापासून कोर्टात जायला परत ६ महिने. हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मला हे खरंच अन्यायाचं वाटतं.

मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी वकील गाठला, तीन आठवडे उरले असताना दावा दाखल झाला. इन्शुरन्सवाल्यांचा फोन त्यानंतर चार दिवसांत आला.