मोबाईल नाही, मग गेम कसा चालतो?

"मुलांना मोबाईल देत नाहीस आणि टीव्हीवर व्हिडिओ गेम लावून देतेस, हे कसं काय?" बिल्डिंगमध्ये विचारतात, माहेरी विचारतात, शाळेच्या गेटवर विचारतात, आणि मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तुम्ही परत विचारलंत म्हणून आता सगळंच लिहिते.

मोबाईल का बंद केला ते सांगत बसत नाही, 2020-21 मध्ये ज्यांच्या घरी केजीतलं मूल होतं त्यांना सगळं ठाऊक आहे. ऑनलाइन शाळेसाठीच्या सरकारच्या 'प्रज्ञाता' गाइडलाइन्समध्ये पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला 30 मिनिटांच्या वर नको असं लिहिलेलं होतं, पण क्लास संपला तरी फोन मोठीच्या हातात राहायचा आणि तिला टेकून बसलेला धाकटा पण बघायला शिकला. नंतर शाळा सुरू झाल्या तरी घास भरवायचा म्हणजे व्हिडिओ हवाच. आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. माझा खरा राग त्या आपोआपवर आहे. चार वर्षांच्या पोराला "आता पुरे" कधी म्हणायचं ते कळणार कुठून, जर समोरची गोष्ट कधी संपतच नसेल तर? मोठ्यांना तरी कुठे कळतं.

स्विच, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं निन्टेंडोचं मशीन, दिराने दुबईहून आणला, मी मागितला नव्हता. महिनाभर कपाटात ठेवला होता मी. पण डोंबिवलीत जून ते सप्टेंबर मुलांना खेळायला न्यायचं कुठे ते मला कोणीतरी सांगा. पार्किंगमध्ये 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे, टेरेसला कुलूप, आणि पलीकडच्या मैदानात पावसाळाभर गुडघाभर चिखल. धाकटा सोफ्यावरून गादीवर, गादीवरून सोफ्यावर उड्या मारायचा आणि खालच्या काकूंचा फोन यायचा. तेव्हा काढला बाहेर.

आता कुठला गेम द्यायचा यावर मला लोक सरळ नावं विचारतात, मी नाव सांगण्याआधी विचारते की तुमचं मूल तो बसून खेळू शकतं का? कारण पोरं हुशार असतात. स्विच स्पोर्ट्स नावाच्या गेममधलं टेनिस उभं राहून जीव तोडून खेळा नाहीतर सोफ्यावर लोळून नुसतं मनगट झटका, हातात धरायच्या कंट्रोलरला फार फरक पडत नाही, आणि हा शोध धाकट्याने दोन दिवसांत लावला. जस्ट डान्स या नाचाच्या गेममध्ये उजव्या हातातल्या कंट्रोलरची हालचाल धरली जाते, पाय हलवले नाहीत तरी मार्क मिळतात. कॅमेऱ्याने अख्खं शरीर बघणारा एक्सबॉक्सचा किनेक्ट 2010 मध्ये आला होता, 2017 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. म्हणजे शरीर हलवायला लावणं ही जबाबदारी मशीनवर टाकून आपण स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही. मी समोर असते. उभं राहून खेळायचं, कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय हात हलवायचा नाही, मधला टीपॉय भिंतीला लावायचा, शक्यतो दोघांनी मिळून खेळायचं, आणि अनोळखी लोकांशी ऑनलाइन मॅच अजिबात नाही. हे मी सोडत नाही, यावरून मला हिटलर म्हणणारी माणसं आमच्याच घरात आहेत.

आता तो गणपतीतला प्रसंग, ज्याच्यावरून अजूनही बोललं जातं आणि प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो.

सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं, ते आमच्याकडेच राहत होते. गौरी आणायच्या दिवशी दुपारी सगळे जमले, जाऊबाई, त्यांची मुलं, नणंद. पोरांनी बॉलिंग लावलं, क्रिकेटचं नव्हे, बॉल घरंगळत सोडून समोरच्या बाटल्या पाडायचं, आणि सासऱ्यांना ओढून उभं केलं. एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात कंट्रोलर. सुरुवातीला त्यांना बटण सोडायचं जमत नव्हतं, बॉल हातातच राहायचा, धाकटा त्यांच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून "आता सोडा आजोबा, आता" असं शिकवत होता. मग जमायला लागलं. शेवटच्या, म्हणजे दहाव्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एक पाळी) त्यांचा स्ट्राइक पडला, एकाच बॉलमध्ये सगळ्या बाटल्या आडव्या. दहाव्या फ्रेमला स्ट्राइक पडला की आणखी दोन बॉल टाकायला मिळतात, आणि ते दोन चांगले पडले असते तर ते जिंकत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज पहिल्यासारखा मोठा आलेला मी ऐकला. मी पुरण वाटत होते, आतून ऐकत होते.

आणि स्क्रीन थांबली. वेळ संपली.

खेळायची वेळ ठरवून देणाऱ्या पेरेंटल कंट्रोलमध्ये दोन प्रकार असतात, एकात नुसती सूचना येते आणि खेळ चालू राहतो, दुसऱ्यात वेळ झाली की गेम जागच्या जागी थांबतो. मी दुसरा ठेवला होता. पिन टाकला की पुढे चालू होतो आणि पिन फक्त मला माहीत. धाकटा स्वयंपाकघरात धावत आला, पिन टाक, पिन टाक. मी म्हटलं नाही, ठरलं होतं ना आपलं? तो ओरडायला लागला, मग जमिनीवर पडला, मी उचलायला गेले तर दंडाला कडकडून चावला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं सणासुदीचं पोराला रडवतेस, टाक की काय तो नंबर." सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. आणि सासरे वॉकर धरून सोफ्यापाशी गेले, बसले आणि म्हणाले, "राहू दे, माझेच दोन बॉल राहिले होते."

मी पिन टाकला नाही.

यावर मला क्रूर म्हणा. पण त्या क्षणी सात-आठ माणसांसमोर पिन टाकला असता तर त्याला एवढंच कळलं असतं की चावलं की मिळतं, आणि पुढची कित्येक वर्षं ते मी निस्तरत बसले असते, जाऊबाई नाही. हे मला तेव्हाही पटलेलं होतं, आजही पटतं. पण रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना, तो स्वतःसाठी रडत नव्हता. त्याची पाळी संपलेली होती. तो आजोबांच्या दोन बॉलसाठी रडत होता. ते मला आधी दिसलं असतं तर मी काय केलं असतं? माहीत नाही, कधी वाटतं टाकला असता, कधी वाटतं चावल्यावर तर नाहीच.

त्यानंतर मी ती सेटिंग बदलली. आता वेळ झाली की सूचना येते आणि हातातला डाव पूर्ण करायचा, नवीन सुरू करायचा नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हा सरळसरळ मागे हटण्याचा प्रकार आहे. माझं म्हणणं, बॉलिंगचा डाव दहा फ्रेमना संपतोच, रील्ससारखं नाही, मग जे आपणहून संपतं त्याला मध्येच कापायचं कशाला? तो म्हणतो पोरगा आता शेवटचा डाव मुद्दाम रेंगाळत खेळतो. ते खरं आहे. रेंगाळतो.

आणि हे गेम म्हणजे व्यायाम आहेत असं मी कोणाला सांगणार नाही, जरी आधी मी स्वतः तेच सांगत फिरत होते. डब्ल्यूएचओने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात 2 ते 4 वयाला एक तासाची मर्यादा आहे ती बसून स्क्रीन बघण्याला, आणि मी ते कागद दाखवून म्हणायचे की बघा, आमचा तर उभा असतो. पण त्याच ठिकाणी 3-4 वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटं दम लागेल अशी, असंही लिहिलंय, ते मी वाचून सोडून द्यायचे. अमेरिकेत ह्यूस्टनला 9 ते 12 वर्षांच्या मुलांना वी (निन्टेंडोचंच स्विचच्या आधीचं, हात हलवून खेळायचं मशीन) देऊन, हालचाल मोजणारं यंत्र बांधून सुमारे तीन महिने बघितलं होतं, 2012 मध्ये ते छापून आलं: अ‍ॅक्टिव्ह गेम मिळालेली मुलं आणि बसून खेळायचे गेम मिळालेली मुलं, दोघांच्या एकूण हालचालीत फरक नव्हता. त्याआधी 2007 मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासातही वी खेळताना बसून खेळण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, पण खरा खेळ खेळण्याइतकी नाही, असंच निघालं होतं. माझ्या मुलांचंही तेच दिसतं. बॅडमिंटन टीव्हीवर खेळून झालं की घाम फारसा नसतो, खाली शटल घेऊन गेले की कपडे पिळून काढावे लागतात.

मग ठेवलाय कशाला? पावसात ठेवलाय, आणि सासरे राहायला आले की ठेवलाय. मोबाईलवर धाकटा आणि ते एकत्र काही करू शकत नव्हते, हा बघायचा, ते बाजूला बसायचे. पाऊस उघडला की स्विच कपाटात जातो, तेव्हा धाकटा भांडतो, मोठी तर आता सरळ विचारते की तिच्या वर्गातल्या मुलींना फोन आहे मग तिला का नाही. तिला अजून मी पटेल असं उत्तर देऊ शकलेले नाही.

आणि ज्यांना कुठला घेऊ, कितीला पडेल एवढंच विचारायचं असतं त्यांना सांगते, तुमच्या खाली मैदान असेल, मुलांना तिथे सोडायला कोणी मोठं माणूस असेल, तर घेऊ नका. आमच्याकडे दोन्ही चार महिने नसतं.