तहानलेली खडी : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा पाडकामाचा. इमारत पाडायची, सळई भंगारात द्यायची आणि मलबा नेऊन टाकायचा. टाकायला जागा मिळेनाशी झाली तेव्हा क्रशर घेतला. खडी निघू लागली, पण ती जायची भरावाला, आणि भरावाच्या मालाला कोण भाव देतो? म्हणून त्याच खडीचे कंपाउंडचे पॅनेल ओतायला घेतले. काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरच्या घरघरीला शेजारी कंटाळले होते, त्यामुळे सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटकडे वळलो. हे काँक्रीट स्वतःच्या वजनाने साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतं. जपानमध्ये प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी 1986 मध्ये ही कल्पना मांडली, ती काँक्रीट नीट दाबून बसवणारे कुशल कामगार कमी पडू लागले म्हणून. आमची अडचण त्यामानाने फारच किरकोळ.

हावरटपणा करून पहिल्याच बॅचला सगळी खडी मलब्याची घातली. माल किती वाहतो हे बघायला तो पत्र्याच्या शंकूत भरून शंकू उचलतात आणि पसरलेल्या पोळीची रुंदी मोजतात. मिक्सरपाशी शंकू उचलला तर पोळी झकास पसरली, टेपवर 650 मिमीच्या वर. अर्ध्या तासाने साच्यात ओतायला गेलो तर माल जागचा हलेना. कामावरच्या पोराने न विचारता पाण्याचा पाइप लावला. दुसऱ्या दिवशी पॅनेल उघडला: खाली नुसती खडी, वर पाणचट थर. तो पॅनेल परत क्रशरमध्ये गेला. आमच्या धंद्याची एवढी एक सोय आहे.

सगळा घोळ पाण्याचा होता. तुटलेल्या काँक्रीटच्या खडीला सिमेंट-वाळूचा जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र. साधी खडी वजनाच्या एखादा टक्का पाणी पिते, ही 4-5 टक्के सहज, कधी त्याहूनही जास्त. नेहमीच्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर मारून वेळ निभावते. इथे वाहणं थांबलं की खेळ संपला. मग खडी आदल्या रात्री भिजवू लागलो. तर उलटंच झालं. निथळायच्या आत वापरली की वरचं पाणी मिश्रणात उतरायचं आणि पोळीच्या कडेला पाण्याची रिंग दिसायची. आता ढीग भिजवून निथळू देतो, आतून ओला पण वरून चमक गेलेला. मिक्सरमध्ये आधी खडी-वाळू, मग निम्मं पाणी, मग सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश, शेवटी उरलेल्या पाण्यात मिश्रण वाहतं ठेवणारं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चर. या क्रमाने खडीच्या भेगांत सिमेंटचा लेप जातो.

खडी खडबडीत, एकमेकींत अडकणारी. म्हणून आकार 12.5 मिमीवर आणला आणि सिमेंट-पाण्याची पेस्ट थोडी वाढवली. मलब्याची खडी एकूण खडीच्या 30 टक्क्यांवर ठेवली. त्याहून जास्त जमतं म्हणणारे आहेत, जमतही असेल. माझा रोजचा मलबा एकसारखा नसतो. बारीक चुरा मात्र घेतच नाही, तो फार पाणी ओढतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे पट्ट्यावरच हाताने वेचतो, कारण त्यातलं सल्फेट पुढे काँक्रीट फुगवतं.

लांब गाळ्याच्या तुळयांची विचारणा येते, ती नाकारतो. या काँक्रीटचा ताठरपणा कमी आणि सुकताना आकसणं जास्त. पॅनेलला चालतं, तिथे नाही.

ओलावा मोजायला सुरुवातीला कढई वापरायचो: खडी तोलायची, भाजायची, परत तोलायची. आता मीटर आहे, तरी पाऊस पडून गेला की पहिल्या बॅचआधी कढईच चढते.