उशाशी बसणारी बाई

मी भूलतज्ज्ञ. आज सकाळी ऑपरेशन टेबलावरच्या आजींनी विचारलं, "सुई दिली की तुम्ही चहाला जाणार ना, बाई?" म्हटलं, "नाही हो, तुमच्या उशाशीच बसणार." खुब्याचं फ्रॅक्चर, स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल. मध्येच ब्लडप्रेशर ८०ला आलं. सलाइन वाढवलं, प्रेशर वाढवणारं मेफेंटरमिन दिलं, चढलं. आजी आपल्या नातवाच्या लग्नातच रमलेल्या! २६ वर्षं झाली, तरी रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचा सूर जरा खाली आला की बोलता बोलता मान आपोआप वळते. घरी मिक्सर बंद होतानाही वळते, ते सोडा.

संध्याकाळी भूलतज्ज्ञांच्या शाखेची मीटिंग. यंदा अध्यक्ष मी, म्हणजे हॉल बुक करणं आणि वर्गणीसाठी फोन. १६ ऑक्टोबरला, जागतिक भूल दिनी, दरवर्षी मॉर्टननं बॉस्टनला १८४६मध्ये ईथरची भूल दाखवली, हेच. मी म्हटलं, यंदा रूपाबाई फर्दुनजींवर बोलू या. १८८०च्या दशकात हैदराबादला वैद्यकी शिकल्या, क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी. "कोण या?" एका ज्येष्ठांनी विचारलं. निम्म्या हॉलच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न. खरं सांगायचं तर मलाही पन्नाशीत कळलं.

ठराव पास. वडे मात्र गार.

निघताना वॉर्डात डोकावले. आजी सुनेला सांगत होत्या, "ह्याच त्या, चहाला न गेलेल्या."