'फायर केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

जून 2018 मधली ही केस. वाळूज एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या एका कारखान्यात फर्नेसवर काम करणारा पैठणकडचा कामगार माझ्याकडे आला, तो मोबाइल पुढे करतच. सुपरवायझरचा रात्रीचा मेसेज होता: 'यू आर फायर्ड.'

"साहेब, मला वाटलं नुसतं झापलंय. सकाळी ड्युटीवर गेलो तर गेटवरच अडवलं."

त्याचं चुकलं नव्हतं. त्या शेडमध्ये 'फर्नेस फायर कर' म्हणजे बर्नर पेटव. 'साहेबांनी फायर केलं' म्हणजे चारचौघांत झापलं. कामावरून काढण्याला आपल्याकडे 'नारळ दिला' म्हणतात. इंग्रजीत 'फायर'ला हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चिकटला. 'डिस्चार्ज' म्हणजे बंदूक झाडणं आणि नोकरीतून सोडणंही, बहुधा त्यावरूनच.

कायद्याला मात्र हा शब्द चालत नाही. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 लागू होता. त्यात पहिला प्रश्न एकच: काढलं ते शिक्षा म्हणून का? शिक्षा असेल तर ती बडतर्फी. त्याआधी आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी हवी. निलंबन वेगळं, त्यात नोकरी शाबूत असते आणि चौकशी चालू असताना पहिले 90 दिवस निम्मा निर्वाहभत्ता मिळतो. शिक्षा नसेल तर मामला बहुतेक वेळा कामगार कपातीत जातो. मग आधीच्या 12 महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराला कलम 25-एफ लागू व्हायचं, म्हणजे नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि वर भरपाई द्यावी लागायची.

याची नोकरी 7 वर्षं 7 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये, इतर भत्ता नाही. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार 15,600. कपातीची भरपाई दर वर्षाला अर्धा महिना, म्हणजे 7,800 गुणिले 8, 62,400. ग्रॅच्युइटीत मात्र महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून 15 दिवसांचे 9,000. आठ वर्षांचे 72,000. एकूण दीड लाख. या दोन हिशेबांतला 30 आणि 26 चा फरक भलेभले विसरतात.

कारखान्याने पुढे केलेल्या 'फुल अँड फायनल'च्या कागदावर होते फक्त 72,000, आणि वर इंग्रजीत एक ओळ: स्वेच्छेने नोकरी सोडली. राजीनाम्याला भरपाई नसते. त्या एका ओळीची किंमत 78,000 रुपये होती. नशीब, त्याने सही केली नव्हती.

त्या दिवशी तीन कामं केली. मेसेजचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा छापला. 'मी कामावर हजर व्हायला तयार आहे' असं पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. मग सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार दिली. समेटाच्या बैठकीत कारखान्याचा माणूस म्हणाला, हा स्वतःच सोडून गेला. आम्ही गेटचं रजिस्टर मागवलं. मेसेजच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 6.50 ला त्याची नोंद होती, शेरा: 'आत सोडू नये'. सोडून जाणारा माणूस पहिल्या पाळीला गेटवर कशाला येईल?

पैसे घेऊन मोकळं हो, असं त्याला पुष्कळांनी सुचवलं. त्याला काम हवं होतं. तडजोडीचा मसुदा आला, त्यात 'पुन्हा नेमणूक' लिहिलं होतं. ते खोडून मी 'सेवेत खंड न धरता, मधल्या पगारासह कामावर परत' असं लिहायला लावलं. नवी नेमणूक म्हणजे आधीची आठ वर्षं गेली असती.