आमची वाटचाल : परवाना आणि हात

वायरिंगच्या कामाला माणूस घ्यायचा तो आयटीआय झालेला, की वर्षानुवर्षं मिस्त्रीच्या हाताखाली राबलेला? आमची कामं बदलत गेली तसं या प्रश्नाचं उत्तरही बदलत गेलं.

कायद्यात मात्र संदिग्धता नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा किरकोळ वस्तू बदलणं वगळता नवी लाइन, वाढीव लोड, दुरुस्ती हे सगळं परवानाधारक ठेकेदारानं करायचं आणि त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख हवी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. महावितरणकडे नव्या मीटरसाठी द्यायच्या टेस्ट रिपोर्टवरही परवानाधारक ठेकेदाराचीच सही लागते. मिस्त्री कितीही कसलेला असो, परवान्याशिवाय त्याची सही चालत नाही.

सुरुवातीची कामं पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमधली होती. लाकडी पट्टीवरचं बॅटन वायरिंग, कडक होऊन तडकलेलं रबर, दोन मजल्यांना मिळून एकच न्यूट्रल (परतीची वायर), काही ठिकाणी स्विच फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलमध्ये. तिथे अनुभवी हातच लागतो. जंक्शन बॉक्स उघडण्याआधी कुठली वायर मोडेल याचा त्याला अंदाज असतो, आणि स्विच बंद केला म्हणून होल्डर मेला, म्हणजे त्यात करंट नाही, असं तो धरून चालत नाही. टेस्ट लॅम्प लावून खात्री करूनच हात घालतो.

आरसीसीबीच्या, म्हणजे अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचच्या, तक्रारीतही हाच फरक दिसतो. आरसीसीबी ट्रिप होते म्हणून नवशिका एकेक एमसीबी (करंट जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) पाडून बघतो. सगळे एमसीबी खाली असतानाही ती ट्रिप झाली, की तो आरसीसीबीच खराब ठरवून नवी बसवतो, आणि नवीही ट्रिप होते. कारण साधं आहे. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो, बहुतेकदा गिझरच्या एलिमेंटमध्ये किंवा ओल धरलेल्या बाहेरच्या पॉइंटला. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून एकेक वायर सोडवायची आणि दरवेळी आरसीसीबी चढवून बघायची. ज्या वायरनंतर ती टिकते, दोष त्याच सर्किटमध्ये. हे कुणी दाखवून दिलं असेल तरच पटकन सुचतं.

पुढे अंबड-सातपूरच्या कारखान्यांची कामं आली आणि पारडं फिरलं. १० एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण १४ अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) वाइंडिंगच्या सर्किटमध्ये असेल, तर त्यातून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे एक भागिले वर्गमूळ तीन. म्हणून तो ८ अँपिअरच्या आसपास लावायचा. नेमप्लेट वाचून १४ वर लावला तर लाइनमध्ये २४ अँपिअर होईपर्यंत रिले गप्प, आणि तोवर वाइंडिंग काळं पडतं. मोटरच्या आवाजावरून एक फेज गेला हे ओळखणारे मिस्त्रीही इथे चुकतात, कारण हा आकडा कान किंवा नाक सांगत नाही. वर्गमूळ तीन समजलेलं असावं लागतं.

अर्थिंगमधली चूक याहून घातक. खड्डा घेतला, ४० मिमीचा जीआय पाइप अडीच मीटर उतरवला, कोळसा-मीठ भरलं, मीटरवर ५ ओहम आले, की काम झालं असं बरेच जण मानतात. पण फेज मशिनच्या बॉडीला टेकला, तर २३० व्होल्टला ५ ओहममधून जास्तीत जास्त ४६ अँपिअर जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्या करंटला तासभरातही पडेलच असं नाही. तोवर मशिनची बॉडी जिवंत राहते. म्हणूनच घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. चांगली अर्थिंग असली तरी तिची गरज संपत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग हमखास फसवतं. उन्हाळ्यात माती आक्रसून पाइपापासून सुटते आणि ओहम वाढतात. आम्ही रीडिंग मे महिन्यातच घेतो.

माणूस घेताना आता आम्ही सर्टिफिकेट बघतो, आणि मग दोन गोष्टी करायला देतो. पहिली, अडीच चौरस मिमीची वायर सोलायची. तिच्यात ३६ बारीक तारा असतात, त्यातली एकही कापली जाता कामा नये. दुसरी, १६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून ग्राहक ३२ चा मागतो, त्याला काय सांगायचं? एमसीबी वायर वाचवतो, उपकरण नव्हे. पाइपातली तीच वायर ३२ चा पडायच्या आधी जळेल. एवढं ज्याला सांगता येतं तो आयटीआयचा असो की हाताखालून आलेला, आम्हाला चालतो.

साइटवर मात्र दोघांना जोडीनंच पाठवतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थचं रीडिंग शिकलेला घेतो आणि वहीत लिहितो. एक मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय चालू करत नाही, मग दोष शोधायला मिस्त्री पुढे होतो. हाताखालून आलेल्यांनी तारतंत्रीच्या (वायरमनच्या) परीक्षेला बसावं असा आमचा आग्रह आहे. काम त्यांना येतंच, अडतं ते लेखी पेपरात. म्हणून शनिवारी काम लवकर थांबवून आम्ही तीनच गणितं पुन्हा पुन्हा करून घेतो: लोडवरून करंट, करंटवरून वायरचा साइज आणि लांबीवरून व्होल्टेज ड्रॉप.